तेका जागा ठेव

स्वयंपाकघरे बसवणारी माणसे कोपऱ्याला कोपरापासून नमस्कार करतात. सरळ भिंतीला ओळीने कपाटे लावत जाणे कोणालाही जमते. दोन भिंती मिळतात तिथे खरी परीक्षा, कारण पेडणे-डिचोलीच्या जांभ्या दगडाच्या घरांत काटकोन असा नसतोच. गुण्या लावला की त्याचा एक पाय भिंतीला टेकतो आणि दुसरा अधांतरी राहतो. म्हणून बहुतेक जण दोन्हीकडची कपाटे एकमेकांना भिडवतात, मागे दोनेक फुटांची पोकळी तशीच सोडतात आणि समोरून फळी मारून मोकळे होतात. या पोकळीला धंद्यात डेड कॉर्नर म्हणतात. गिऱ्हाइकाला तिचा पत्ताही नसतो.

गौरेश कोरगावकर तसे करत नसे. पेडण्याच्या बाजारामागे त्याचे वर्कशॉप होते आणि हात पोचत नाही असा कोपरा आपण आजवर ठेवलेला नाही, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगे. बढाई होती, पण पोकळ नव्हती. तो तीनदा टेप लावी आणि आकडा फूट, इंच, सुतात भिंतीवरच पेन्सिलीने लिही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा फटीनेही त्याला जेवण गोड लागत नसे. स्वतःच्या घरातला साखरेचा डबा कुठे असतो हे मात्र याला अजून माहीत नाही, असे त्याची बायको म्हणायची, आणि तेही खरे होते.

फेब्रुवारीत लाटंबार्शाहून काम आले. काजूला मोहर होता. कोलवाळचा पूल ओलांडून अस्नोड्यावरून तो मोटारसायकलने गेला तेव्हा वाटभर तो गोडसर, जरा आंबूस वास होता. घर रघुनाथचे. हा जवळच्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता, वय पन्नाशीचे, बोलणे मोजके. त्याची बायको गौरवी हिने मोबाइलमध्ये चाळीस स्वयंपाकघरांची चित्रे साठवली होती. तिला कोपऱ्यात फिरती जाळी हवी होती, म्हणजे दार उघडले की आतली भांडी गोल फिरून हाताशी येतील. गौरेशचा हा आवडीचा विषय. त्याने तिला पाऊण तास समजावून सांगितले, आणि तिने ऐकून घेतले, यावरून बाई सोशिक असावी.

जुना ओटा काढायचा होता. ओट्याखाली, अगदी कोपऱ्यात, तांब्याचे मोठे भाण होते. पूर्वी अंघोळीचे पाणी तापवायचे, तसले. तळाला काळे, कडेला हिरवट झालेले. गौरेश गुडघ्यावर बसून त्याच्या मागे टेप सारत होता तेव्हा रघुनाथची आई आत आली. देवकी नाव, वय अठ्ठ्याहत्तर, पाठीतून वाकलेली, पण नजर स्वच्छ. ती दारालाच धरून उभी राहिली आणि कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "तां कोनशात असा, बाबा. तेका जागा ठेव."

कोनसो म्हणजे कोपरा. ते कोपऱ्यात आहे, त्याला जागा ठेव. गौरेशने भाणाकडे पाहिले. म्हाताऱ्या माणसांचा जीव जुन्या भांड्यांत असतो हे त्याला धंद्याने शिकवले होते.

"ठेवतंय गे आजी," तो म्हणाला.

"तुका कळला मा?"

"कळला."

ती समाधानाने परत गेली. गौरेशने भिंतीवर आकडा लिहिला, सात फूट चार इंच दोन सूत, आणि कपाटे करायला घेतली.

बसवायच्या आठवड्यात धुळीचा त्रास नको म्हणून रघुनाथने आईला सुर्ल्याला बहिणीकडे पाठवले. जुना ओटा फुटला, भाण मागच्या न्हाणीत गेले, भिंतीला गिलावा झाला, वाळला. गौरेश टेम्पोतून कपाटे घेऊन आला. बरोबर रामचंद्र होता. हा दोडामार्गचा, साठीला आलेला, ग्रॅनाइट बसवण्यात वाकबगार, आणि गेली बारा वर्षे गौरेशचा जोडीदार. बारा वर्षांत तो जितके बोलला तितके गौरेश एकदा माप घेताना बोलत असे.

सकाळी नऊला त्यांनी कोपऱ्याचे कपाट उचलले. दोन्ही भिंतींना तीन-तीन फूट बसणारे, काटकोनी. भिंतीचा काटकोन पाऊण सुताने चुकत होता, तेवढे गौरेशने मागून रंध्याने घेतलेच होते. कपाट सरकत गेले आणि भिंतीपासून नऊ इंचांवर थांबले.

खाली काही अडकले असेल म्हणून त्यांनी ते बाहेर ओढले. फरशी स्वच्छ होती. पुन्हा सारले. पुन्हा नऊ इंचांवर थांबले. लाकूड दगडाला लागले की ठक्क असा आवाज येतो, तसा आवाज आला नाही. कापसाच्या गाठोड्याला टेकावे तसे ते टेकले. दोघांनी खांदा लावून जोर केला, आणि जोर काढताच कपाट बोटभर मागे आले.

गौरेशने टेप घेतला. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत, छातीच्या उंचीवर, सात फूट चार इंच दोन सूत. बरोबर. मग तो खाली बसला आणि गुडघ्याच्या उंचीवर तेच माप घेतले. सहा फूट सात इंच दोन सूत.

भिंत खालून पुढे आली असेल तर असे होते. त्याने वरून ओळंबा सोडला. दोरी भिंतीला समांतर, वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर, जराही न ढळता लोंबत राहिली. भिंत सरळ होती. डोळ्यांनाही ती सरळच दिसत होती.

त्याने टेपचा दोष धरला आणि रामचंद्रचा टेप घेतला. तेच. मग लोखंडी पट्टी घेतली. कमरेच्या वर आकडा पुरा भरत होता, कमरेच्या खाली नऊ इंच कमी. मधे कुठे उतार नव्हता, एका सुतात फरक पडत होता. त्याने ती उंची पाहिली, अडीच फूट एक इंच, आणि सवयीने भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. खूण केल्यावर ती कसली खूण म्हणायची हे त्याला कळेना.

लेझरचे यंत्र त्याने गेल्याच वर्षी घेतले होते. ते फरशीवर ठेवून त्याने बटण दाबले. तांबडा ठिपका समोरच्या भिंतीवर पडायला हवा होता. पडला नाही. भिंत पांढरी, नवी, तिच्यावर ठिपका कुठेच नव्हता. यंत्रावर आकडा मात्र आला. सहा फूट सात इंच दोन सूत.

रामचंद्रने हातातली छिन्नी पिशवीत ठेवली. मग हातोडी ठेवली. मग गळ्यातल्या पंच्याने हात पुसत म्हणाला, "म्हातारेक इचारलंस?"

गौरेशने सांगितले की म्हातारी भाणाचे बोलली होती, आणि भाण न्हाणीत सुखरूप आहे.

"मी थंय हात घालूचंय नाय," रामचंद्र म्हणाला आणि बाहेर पडवीत जाऊन बसला.

गौरवीने दोघांना जेवायला वाढले, उकड्या तांदळाचा भात आणि सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, कढी. कसे चाललेय, तिने विचारले. गौरेशने भिंतीत ओल आहे असे सांगितले. फिरती जाळी बसवली तर प्लाय फुगेल, त्यापेक्षा सरळ कपाटे लावू आणि कोपरा झाकू. हे सांगताना तो तिच्याकडे न बघता लोणच्याकडे बघत होता. खोटे बोलायची सवय नसलेला माणूस असाच बोलतो. तिचा चेहरा उतरला, पण ओलीपुढे कोणाचे काय चालणार.

अशा रीतीने ज्याने कधी डेड कॉर्नर ठेवला नव्हता त्याने एक ठेवला. सरळ कपाटे निमूट बसली. पोकळी राहिली, समोरून दीड फूट रुंदीची फळी आली, आठ स्क्रूंनी घट्ट झाली. फळी लावण्यापूर्वी गौरेशने आत पाहिले. पाहण्यासारखे काही नव्हते. दोन भिंती, फरशी, आणि कापकामाचा लाकडी भुसा. भुसा झाडायचा राहिला होता. झाडू आत न्यायला हात पुढे गेला नाही, आणि आता कोण बघणार आहे, असे म्हणून त्याने फळी मारली. त्याला घाई झाली होती. दुसऱ्या दिवशी रामचंद्रने ग्रॅनाइट चढवला आणि ते पेडण्याला परतले.

नवव्या दिवशी रघुनाथचा फोन आला. गौरेशला वाटले, ग्रॅनाइटचा जोड.

"आवय जेवणा नाय," रघुनाथ म्हणाला. "सुर्ल्यासून इली तेका चार दिवस झाले. नुसता पाणी पिता. तुका बोलावल्यान."

गौरेश तडक निघाला. त्याला हे सगळे काय आहे ते कळले नव्हते, पण आपण शब्द देऊन तो पाळला नाही एवढे कळले होते, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. अस्नोड्याला तो चहालाही थांबला नाही.

देवकी स्वयंपाकघरात फळीसमोर पाटावर बसली होती. चार दिवसांत ती निम्मी झाली होती. शेजारी वाटीत पेज होती, वर साय धरलेली. रघुनाथने बाजूला घेऊन सांगितले की डॉक्टर येऊन गेला, दुखणे काही नाही म्हणाला, पण असेच चालले तर आठवडाभरात सलाइन लावावे लागेल, आणि या वयात ते झेपेल की नाही सांगता येत नाही. तो रडवेला झाला होता. तो लहान असताना आई रोज या कोपऱ्यात वाटी ठेवायची, त्याला वाटायचे मांजरासाठी. घरात मांजर कधीच नव्हते, हे त्याच्या आता चार दिवसांत लक्षात आले होते.

गौरेश म्हातारीसमोर फरशीवर बसला. "आजी, तुजां भाण न्हाणयेत असा. हाडून ठेवू?"

"भाणाचा कोण सांगता?" देवकीचा आवाज बारीक झाला होता, पण त्यात राग नव्हता. "भाण खंयव ठेव. तेका भूक लागली असतली."



त्या मुलखात भांड्याला तां म्हणतात, म्हणजे ते. लहान मुलीलाही तांच म्हणतात. गौरेशची स्वतःची मुलगी ऋतिका आठ वर्षांची होती, आणि तां शाळेत गेलां, तां जेवलां, असे तो दिवसातून दहादा म्हणत असे. तो शब्द त्याच्या तोंडचा होता. तरी त्या दिवशी गुडघ्यावर बसून त्याने तो ऐकला आणि समोर भाण दिसत होते म्हणून भाणाला लावला.

"मी नवीन इलंय तेव्हा सासूनव असांच सांगल्यान," देवकी म्हणाली. "तां कोनशात असा, तेका पयला वाढ. माकाव वाटला, भाणाचाच सांगता."

"मगे?"

"एक दिस वाढूक नाय."

ती डाव्या हाताची बोटे उजव्या हातात धरून बसली.

"कोणाचां तां?" गौरेशने विचारले.

"कोणी इचारूक नाय."

रघुनाथ दारात उभा होता. त्याने आत पाऊल टाकले नाही.

गौरेशने पिशवीतून पेचकस काढला.  आठ स्क्रू निघाले. फळी त्याने दोन्ही हातांनी धरून बाजूला ठेवली.

भुसा त्याने सगळीकडे सारखा सोडला होता. आता तो सारखा नव्हता. भिंतीच्या कडेने तो नीट लोटून ठेवला होता, एका ओळीत, आणि मधे ताटाएवढी फरशी स्वच्छ होती.

देवकीने वाटी उचलली, साय बोटाने काढली आणि वाटी त्या स्वच्छ जागेवर ठेवली. तोंडाने काही पुटपुटली नाही, हात जोडले नाहीत. जेवायला वेळ झाला म्हणून एखाद्याला वाढावे तसे वाढले. मग सुनेकडे बघून म्हणाली, "माकाव हाड."

गौरवीने दुसरी वाटी आणली. म्हातारीने चार घास पेज खाल्ली. रघुनाथ पडवीत गेला आणि त्याने तोंडावर पाणी मारून घेतले.

दुपारभर गौरेश तिथेच काम करत होता. फळीचे दार करायचे ठरले. त्याने बिजागऱ्या लावल्या, कडेला पट्टी मारली, पेडण्याहून आणलेल्या मुठींतली एक पितळी मूठ बाहेरून बसवली. तिच्यावरचा प्लास्टिकचा पातळ कागद तसाच ठेवला. हा कागद गिऱ्हाइकाने स्वतः काढायचा, अशी त्याची रीत होती. काम करताना तो कोपऱ्याकडे पाठ करत नव्हता. मापही त्याने पुन्हा घेतले नाही.

देवकी पाटावरून बघत होती.

"आतसूनव एक मूठ लाव," ती म्हणाली.

कपाटाला आतून मूठ कोणी लावत नाही. वीस वर्षांत त्याला कोणी सांगितली नव्हती. तरी त्याने पिशवीतून दुसरी मूठ काढली.

"खंय लावू?"

देवकी भिंतीला धरून उठली. वाकलेल्या पाठीने दाराशी आली आणि आपला हात स्वतःच्या छातीशी आडवा धरला. "मी इलंय तेव्हा माज्या कमरेएवढां होतां. अजून तेवढांच असा. मीच वाकलंय." मग हात जरा खाली नेला, क्षणभर थांबली, आणि आणखी दोन बोटे खाली नेला. "हंय. तेका हात पोचाक होयो."

गौरेशने तिथे खूण केली, दोन भोके पाडली आणि मूठ आवळली. दार लावून पाहिले. न घासता लागत होते. त्याने सामान भरले आणि चहा न घेताच तो निघाला.

मे महिन्यात गौरवीचा निरोप आला की सिंकखालचे दार घासते. पावसाला तीनेक आठवडे होते. गौरेशला जायचे नव्हते, पण बसवून दिलेल्या कामाची वर्षभर जबाबदारी घेतो असे तोच सांगत असे. अंगणात देवकी आमसुले वाळत घालत होती. अंगाने भरली होती. तिने त्याला ओळखले आणि रस लागलेल्या हाताने आत जा अशी खूण केली.

सिंकखालचे दार त्याने पाच मिनिटांत सरळ केले. गौरवी कामाची माहिती देत होती. ग्रॅनाइट छान आहे, ड्रॉवर छान आहेत. आणि कोपरा? कोपऱ्याला आम्ही कोणी हात लावत नाही, ती म्हणाली. आई सकाळी वाटी दारासमोर खाली ठेवते आणि दुपारी उचलते. दार आई उघडते का, असे गौरेशने विचारले. गौरवीने नाही म्हटले. कोणीच उघडत नाही. मग चहा टाकते म्हणून ती दूध आणायला शेजारी गेली.

बाहेरच्या मुठीवरचा प्लास्टिकचा कागद तसाच होता. त्यावर बोटाचा डागसुद्धा नव्हता. गौरेशने नखाने दाराची कड ओढली आणि दार उघडले.

आतल्या मुठीचा पितळी रंग मधोमध उडाला होता, आणि रोजच्या वापराने तिचे दोन्ही स्क्रू ढिले झाले होते.